तक्तेसाहेबांची शिफारस

माझे साडूभाऊ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, खरेदी विभागात, एकतीस वर्षं होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही वस्तू खरेदी केली नाही. त्यांचं काम तुलनात्मक तक्ता करण्याचं. पंप हवा असो की पेन्सिली, तीन ठिकाणची दरपत्रकं यायची. साडूभाऊ पट्टीने रेघा मारून रकाने पाडायचे, तिघांचे गुणदोष त्यात बसवायचे आणि कागद वर पाठवायचे. वर कोणीतरी सही करायचं. आलेला पंप चालतो की नाही हे बघणारा विभाग वेगळा होता, त्याची इमारतही वेगळी होती, आणि साडूभाऊंनी त्या इमारतीत कधी पाऊल टाकलं नाही. कचेरीतले लोक त्यांना तक्तेसाहेब म्हणत. ही थट्टा आहे, हे निवृत्त होईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरीही तेच. गादी घ्यायची तर तक्ता, चष्मा घ्यायचा तर तक्ता. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. ताईंचं पित्ताशय काढायचं ठरलं तेव्हा साडूभाऊंनी चार सर्जनांचा तक्ता करायला घेतला. ताई स्वतः इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामाला. त्यांनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना सांगून शस्त्रक्रिया उरकून घेतली. तक्ता पुरा झाला तेव्हा टाके निघाले होते.

निवृत्त झाल्यावर गाडी घ्यायचं निघालं. ताईंना छोटी गाडी हवी होती, कामावर जायला आणि बाजार करायला. साडूभाऊंनी अकरा गाड्यांची तुलना केली. त्यात ‘माल वाहण्याची क्षमता’ असा एक रकाना होता, आणि त्या एका रकान्याच्या जोरावर गुणांच्या बेरजेत एक जुनी डिझेल पिकअप पहिली आली. वाहायला माल कुठला आहे आपल्याकडे, असं ताईंनी विचारलं. ते तक्त्याच्या कक्षेत येत नाही, असं साडूभाऊ म्हणाले. पिकअप आली. तिच्या हौद्यात टनभर ओझं सहज मावेल. साडूभाऊ त्यात घडीची एक खुर्ची ठेवून तळ्यापर्यंत जायचे, खुर्चीवर बसून पेपर वाचायचे आणि परत यायचे. ताई कामावर बसनेच जात राहिल्या.

तीन महिन्यांनी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

माझं गॅरेज आहे. फार मोठं नाही. दोन गाड्या आत, एक दारात आणि एक कायमची पडून. मी म्हटलं, घेऊन या, स्कॅनर लावतो, दहा मिनिटांत कळेल. ते आले, खिशात टाचणवही. मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल घालणार, एवढ्यात त्यांनी सॉकेटवर हात ठेवला.

“हाच स्कॅनर का?”

मी खरं ते सांगितलं. सुटे भाग पुरवणाऱ्या माणसाने आणून दिला, म्हणून हा.

“म्हणजे तुलना केलेली नाही,” साडूभाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी डोळे मिटून लग्न केलं होतं. गाडी तशीच परत गेली. दिव्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली, कारण निर्णय प्रलंबित असताना तो सारखा डोळ्यांत येत होता.

तिथून सगळं सुरू झालं. आधी स्कॅनरचा तक्ता झाला. मग त्यांना कळलं की गाडीचं दुखणं नुसतं वाचणारी यंत्रं वेगळी आणि गाडीचा स्वभावच बदलणारं सॉफ्टवेअर वेगळं. हल्लीच्या डिझेल गाडीत किती इंधन कधी फवारायचं, हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. स्कॅनर त्याला विचारतो, कुठे दुखतंय. ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर त्याला सांगतं, आजपासून जास्त फवार. गाडी दणक्यात ओढायला लागते, मालक खूश. आत उष्णता वाढते ती मात्र कोणाला दिसत नाही. ती दाखवणारा आकडा पडद्यावर असावा लागतो, आणि तो आकडा कळणारा माणूस सीटवर.

साडूभाऊंना हे सगळं तोंडपाठ झालं. वर्षभरात त्यांच्या तक्त्यात एकोणीस यंत्रं आणि सत्तावीस रकाने झाले. त्यातला त्यांनी स्वतः मोजलेला रकाना एकच, केबलची लांबी. ती ते शिंप्याच्या फितीने मोजायचे आणि अर्धा सेंटिमीटर कमी भरली तर विक्रेत्याला पत्र पाठवायचे. बाकीचे सव्वीस रकाने माहितीपत्रकांतून उतरवलेले.

हा तक्ता त्यांनी ‘तक्तेसाहेब’ याच नावाने पिकअपवाल्यांच्या एका ऑनलाइन गटात टाकला आणि लोक अक्षरशः पाया पडले. त्यांना इतका नीटनेटका कागद कोणी कधी दिलाच नव्हता. एकाने विचारलं, चढावर गाडी काळा धूर सोडते, काय करू? साडूभाऊंनी कळवलं, ‘सदर बाबतीत रकाना चौदा पाहावा.’ त्या माणसाने रकाना चौदा पाहिला आणि मनापासून आभार मानले. धुराचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही.

फोटो लागायचे ते माझ्या गॅरेजात काढले जायचे. दर गुरुवारी साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, वरून माझा एप्रन चढवायचे आणि एखादं यंत्र कोणाच्यातरी गाडीच्या सॉकेटजवळ नुसतं धरून उभे राहायचे. एकदा त्यांनी हात पुसायला फडकं मागितलं. मी धुतलेलं दिलं. ते म्हणाले, मळकं द्या, हे फोटोत खरं वाटत नाही.

मी हसायचो, पण गप्प बसायचो. का, तेही सांगतो. तक्तेसाहेबांचं गॅरेज हेच का, असं विचारत गिऱ्हाइकं यायला लागली होती. दारातली एक गाडी जाऊन दोन झाल्या. एवढ्यावर माणसाची जीभ सहज जड होते.

विक्रेते त्यांना यंत्रं पाठवायला लागले. साडूभाऊ पोच द्यायचे, केबल मोजायचे आणि खोक्यावर नंबर टाकून कपाटात ठेवायचे. एकतीस वर्षांत आपण कोणाचा चहाही घेतला नाही, असं ते अभिमानाने सांगत. लाच सही करणाऱ्याला देतात, रेघा मारणाऱ्याला कोणी देत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे जेव्हा पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी देऊ केलं, तेव्हा त्यांना ते ओळखताच आलं नाही.

झालं असं की त्यांच्या तक्त्यात सातव्या क्रमांकावर असलेल्या एका ट्यूनिंग संचाच्या विक्रेत्याने त्यांना पत्र पाठवलं. पत्राची सुरुवात ‘आदरणीय ज्येष्ठ तज्ज्ञ’ अशी होती. बस, एवढंच. कचेरीने निरोप देताना त्यांचं नाव चुकीचं छापलं होतं, आणि इथे एक अनोळखी माणूस त्यांना ज्येष्ठ तज्ज्ञ म्हणत होता. साडूभाऊंनी पत्राला प्लॅस्टिकचं आवरण चढवून घेतलं. पंधरा दिवसांनी तक्त्याची ‘पुनर्रचना’ झाली आणि तो संच सातव्यावरून पहिल्यावर आला.

मी नवा तक्ता नीट पाहिला. त्या संचात धुराची उष्णता दाखवायची सोय नव्हती. आधी तसा स्वतंत्र रकाना होता आणि तिथे ठळक ‘नाही’ लिहिलेलं होतं. आता तो रकानाच सापडेना. एकदा आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना मी विषय काढला.

तो रकाना ‘इतर सुविधा’ या नव्या रकान्यात विलीन करण्यात आला आहे, असं ते म्हणाले. कोणी केला, असं मी विचारलं. समितीने, असं उत्तर आलं. समितीत ते एकटेच होते. मी पुढे बोलायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात त्या विक्रेत्याने डझनभर संच माझ्या काउंटरवर विकायला ठेवले होते, आणि प्रत्येक झाकणावर माझ्या एप्रनमध्ये उभ्या असलेल्या साडूभाऊंचा फोटो होता. खाली छापलेलं, ‘तक्तेसाहेबांची शिफारस’. मी भाजी वाढून घेतली.

काचवाली आली ती एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला. मी आणि माझी बायको तेव्हा ताईंकडेच होतो. बाहेर क्रेनवाल्याची गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मग दारात चाळिशीची एक बाई उभी राहिली. दंडापर्यंत जाड हातमोजे, कपाळावर धूळ. ती खिडक्यांच्या आणि दुकानांच्या काचा पोचवायचं काम करते, हे नंतर कळलं. पिकअपच्या हौद्यात लोखंडी चौकट, तिला दोन्ही बाजूंनी काचा उभ्या टेकवलेल्या. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद होता. साडूभाऊंचा तक्ता. घड्यांवर झिजलेला, पेनाने खुणा केलेला. तो तिने तीन महिने वाचला होता.

तक्तेसाहेब तुम्हीच का, असं तिने विचारलं. साडूभाऊंना वाटलं, कोणी चाहती आली. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि ताईंना चहा टाकायला सांगितला.

ती बसली नाही. “तुमच्या गाडीवर तुम्ही ह्या संचाची कुठली पातळी ठेवलीय? दोन की तीन?”

“तक्त्यात दोन्हींचे गुण दिलेले आहेत,” साडूभाऊ म्हणाले.

“गुण वाचलेत मी. तुमच्या गाडीवर कुठली आहे?”

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग तिनेच सांगितलं काय झालं ते, सावकाश, एकेक करून. तिची पिकअप साडूभाऊंच्या पिकअपसारखीच, त्याच सालातली. तिने पहिल्या क्रमांकाचा संच घेतला, मोबाइलवरून गाडीत भरला आणि तिसरी पातळी निवडली, कारण तिच्यापुढे ‘अवजड मालासाठी उत्तम’ लिहिलेलं होतं. आठ दिवस गाडी वाऱ्यासारखी पळाली. नवव्या दिवशी एका शाळेच्या खिडक्यांच्या काचा घेऊन ती घाट चढत होती. आधी ठोके ऐकू आले, मग मागे पांढरा धूर, मग इंजिन बसलं. गाडी मागे घसरायला लागली. ती हँडब्रेक ओढून उतरली आणि चाकामागे दगड लावला, म्हणून काचा राहिल्या आणि तीही राहिली. त्या जागेवर उभ्याउभ्याच तिने तक्ता काढून खालचा पत्ता वाचला. पत्ता साडूभाऊंनी मोठ्या हौसेने दिलेला होता.

“खाली चला,” ती म्हणाली, “आणि तुमच्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवा. तुम्ही काय केलंय ते मला बघायचंय.”

आम्ही सगळे खाली गेलो. तिची पिकअप क्रेनला लटकलेली. साडूभाऊंची सावलीत, स्वच्छ पुसलेली. ते आत बसले आणि बॉनेटचा खटका शोधायला लागले. पहिला खटका ओढला, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. दुसरा ओढला, सीट मागे कलली आणि साडूभाऊ तिच्याबरोबर. तिसऱ्याला बॉनेट जरासं उचकलं. मग ते पुढे आले आणि फटीत बोटं घालून आतली कडी चाचपायला लागले. बराच वेळ. कोणी मदत केली नाही. क्रेनवाला बघायला खाली उतरला. शेवटी काचवालीने हातमोजा काढला, दोन बोटं घातली आणि बॉनेट उचललं.

आत दोन वर्षांची धूळ, कोणाचं बोटही न लागलेली, आणि एका कोपऱ्यात उंदराने जमवलेला पालापाचोळा.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, चावी फिरवली, डॅशबोर्डवरून नजर फिरवली आणि नखाने ती काळी पट्टी सोलून काढली. पिवळा दिवा आमच्या सगळ्यांकडे बघत राहिला.

“हा कधीपासून आहे?”

“वीस महिने,” जिन्यावरून ताई म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता.

काचवालीने पट्टी बोटावर गुंडाळली. “मला वाटलं होतं, तुमचं काहीतरी चुकलं असेल. माणसाचं चुकतं. पण चुकायलासुद्धा हातात काहीतरी घ्यावं लागतं, काका.” मग तिने आपल्या संचाचं खोकं काढून झाकणावरचा फोटो दाखवला. “हे गॅरेज कोणाचं?”

“ह्यांचं,” माझी बायको म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

तिची गाडी माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी मी इंजिन उघडलं. चौथ्या सिलिंडरचा पिस्टन वरून मेणासारखा वितळला होता आणि भिंतीवर उभे ओरखडे होते. साडूभाऊ आले होते, इस्त्रीच्या शर्टात, पण एप्रन मागितला नाही. मी पिस्टन त्यांच्या हातात दिला. ते तो उलटसुलट करून बघत राहिले. एकोणीस यंत्रांचा अभ्यास केलेल्या माणसाने पिस्टन पहिल्यांदाच हातात धरला होता. त्यांनी विचारलं, हा एवढा लहान असतो?

इंजिन मी माझ्या खर्चाने करून देतो, असं मी आधीच म्हणून टाकलं होतं. तसं बायकोनेच मला रात्रभर समजावलं होतं. काचवालीला ते मान्य होतं, पण तिचा प्रश्न वेगळा होता. इंजिन होईपर्यंत काचा कोण पोचवणार? शाळेच्या खिडक्या उघड्या आहेत. मग तिनेच उत्तर दिलं. काकांची पिकअप रिकामी असते ना.

साडूभाऊंनी नकार द्यायला तोंड उघडलं. ताई म्हणाल्या, “चावी खुंटीला आहे. मी काढून देते.”

त्या दिव्यासकट ती गाडी चालवायला मात्र काचवाली तयार होईना. म्हणून मी माझा तो तुलना न केलेला स्कॅनर लावला. एका सेन्सरची तार उंदराने कुरतडली होती. दहा मिनिटं लागली. साडूभाऊ शेजारी उभे होते. त्यांनी काही टिपून घेतलं नाही.

मग सतरा दिवस ती पिकअप काचा घेऊन फिरली. काचवाली चालवायची, साडूभाऊ शेजारी बसायचे, कारण तिने त्यांना घरी बसू दिलं नाही. काच उचलायला दोन माणसं लागतात, तिचा हमाल गाडीअभावी दुसरीकडे कामाला गेला होता, आणि ही वेळ कोणामुळे आली ते सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी साडूभाऊ परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं आणि बोटं इतकी आखडली होती की ताईंनी त्यांना चमच्याने जेवायला दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, चढावर इंजिनाचा आवाज बदलतो, तो बदलायलाच हवा का? मी म्हटलं, हो. हा प्रश्न त्यांच्या सत्तावीस रकान्यांत कुठेच नव्हता.

इंजिन तयार झालं तेव्हा एक अडचण निघाली. गाडीच्या कॉम्प्युटरमधली मूळ फाइल परत भरायची होती. तक्त्यात पहिल्या क्रमांकापुढे ‘मूळ फाइल जपते: होय’ असं लिहिलेलं. प्रत्यक्षात त्या संचाने ती फक्त काचवालीच्या मोबाइलमध्ये ठेवली होती, आणि तो मोबाइल घाटात दगड लावताना चाकाखाली गेला होता. आता मूळ फाइल आणायची कुठून? मला एकदम सुचलं. तेच मॉडेल, तेच साल, आणि कारखान्यातून निघाल्यापासून कोणी हात न लावलेला कॉम्प्युटर आमच्या घरातच होता. मी दोन्ही कॉम्प्युटरांवरचे सॉफ्टवेअरचे नंबर ताडून पाहिले, जुळले. साडूभाऊंच्या गाडीतली फाइल वाचून घेतली आणि तिच्या गाडीत भरली. गाडी सुरू झाली, चांगली चालली. साडूभाऊंनी दोन वर्षं काहीच न केल्याचा कोणाला झालेला हा एकमेव उपयोग. मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी तक्त्यात अठ्ठाविसावा रकाना घातला. शीर्षक, ‘स्वतः वापरून पाहिले काय’. खाली एकोणीस वेळा ‘नाही’. त्याखाली निवेदन होतं, ते मला पाठ झालंय: ‘वरील एकोणीसपैकी एकही यंत्र प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या वा अन्य कोणाच्याही वाहनास कधीही जोडलेले नाही. प्रथम क्रमांक एका प्रशंसापर पत्राच्या प्रभावाखाली देण्यात आला. छायाचित्रांतील गॅरेज लेखकाच्या साडूंचे असून त्यांना सर्व बाबी प्रथमपासून ज्ञात होत्या. त्यांनी मौन पाळले व संच विक्रीस ठेवले.’

मी ते वाचलं तेव्हा एका गाडीखाली होतो. बाहेर यायला मला वेळ लागला.

साडूभाऊंची लोक आता सालटी काढतील, असं मला वाटलं. उलटंच झालं. गटात त्यांच्यावर फुलांचे आणि हात जोडल्याचे ढीग पडले. असा प्रामाणिक माणूस पाहिला नाही. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. आणि मग, बरं साहेब, तुम्ही इतके प्रामाणिक आहात तर आता खरं सांगा, सगळ्यांत चांगलं कुठलं? त्या विक्रेत्याचाही फोन आला. झाकणावर ‘प्रामाणिक’ हा शब्द वाढवायची परवानगी हवी होती. साडूभाऊंनी त्याला लेखी कळवलं, ‘आपला प्रस्ताव दप्तरी दाखल.’ मग ते गटातून बाहेर पडले. तक्ता मात्र फिरतच राहिला, आजही फिरतो. त्यातला अठ्ठाविसावा रकाना मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही, त्यामुळे तो कोणाला दिसत नाही.

शिव्या पडल्या त्या मला. दोन जुनी गिऱ्हाइकं गाड्या काढून घेऊन गेली. एकाने जाताना विचारलं, माझ्या गाडीच्या बाबतीत कशाकशावर मौन पाळलंय? मी साडूभाऊंशी बोलणं टाकलं. तेही फिरकले नाहीत. काउंटरवर उरलेले नऊ संच मी विक्रेत्याला परत पाठवले. ते मी आधीच करायला हवं होतं, आणि त्यासाठी मला कोणी ज्येष्ठ तज्ज्ञ म्हणायची गरज नव्हती, हे माझ्या बायकोने मला जवळजवळ रोज सांगितलं.

महिनाभराने ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, ह्यांनी माझं नाव खराब केलं, मी ह्यांच्या पंगतीला बसणार नाही. ताईंनी ओले हात पुसले.

“ह्यांनी लिहिलं ते खोटं आहे का?”

मी म्हटलं, खोटं नाही, पण...

“मग बसा. वरण निवतंय.”

मी बसलो. ताईंनी वरण वाढलं. मग साडूभाऊ ताटाकडे बघत म्हणाले की ‘मौन पाळले’च्या जागी आणखी दोन शब्द त्यांच्या मनात होते, ‘साथ दिली’ आणि ‘फायदा उपटला’. तिन्हींचा विचार करून त्यांनी सौम्य तो घेतला. हे त्यांनी मला उपकार म्हणून सांगितलं. खरं म्हणजे होताही.

काचवालीची गाडी आता ठीक आहे. पण काम वाढल्यामुळे तिला आठवड्यातून तीन दिवस दुसरी पिकअप लागते, आणि ती साडूभाऊंची असते. साडूभाऊ स्वतः चालवतात. ती त्यांनी बांधलेल्या दोऱ्या अजून एकदा तपासूनच गाडी सोडते. बाकीचे चार दिवस ताई पिकअप घेऊन कामावर जातात. इस्पितळाच्या आवारात ती दोन गाड्यांची जागा खाते, म्हणून रखवालदाराशी त्यांचं रोज वाजतं.

गेल्या रविवारी साडूभाऊंचा फोन आला. काचवालीचा हमाल आजारी आहे, तिसऱ्या मजल्यावर एक मोठी काच चढवायची आहे, याल का? मी गेलो. तिने मला हातमोजे दिले, ते एका बोटाला फाटलेले होते. आम्ही दोघे साडू, मधे ती काच, ते पुढे उलटे चढताहेत आणि मी मागून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबा म्हणाले. मला वाटलं, दमले. ते म्हणाले, तुमचा खालचा हात चुकीच्या जागी आहे, काठाला धरू नका, तळाशी घ्या. मी हात तळाशी घेतला. ओझं खरंच हलकं झालं, पण मी ते कबूल केलं नाही. काच वर गेली, चौकटीत बसली.

खाली आल्यावर काचवाली म्हणाली, मधे एकदा काच जराशी भिंतीला घासल्याचा आवाज आला, कोणाच्या बाजूने गेली?

साडूभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं.